चार थेंब

अंगात रक्त कमी आहे म्हणून नसबंदीच्या शिबिरातून सिंधूला परत पाठवलं, तेव्हा शांतारामने आधी शेताच्या पाण्याचं विचारलं.

"म्हणजे आज मोटर तूच चालवशील?"

"चालवीन."

"मग त्या मजुराला नाही म्हणून सांगतो. उगाच त्याची रोजी द्यावी लागेल."

दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहून त्याने फोन लावला. सिंधू बाजूच्या कठड्यावर टेकली. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं म्हणून आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आत व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने बाया निजल्या होत्या. ज्यांचं झालं होतं त्या तोंड उघडं टाकून घोरत होत्या, ज्यांचं व्हायचं होतं त्या हिरवे झगे घालून भिंतीला टेकल्या होत्या. सिंधूलाही झगा मिळाला होता. तो घालून ती बसली, बोटाला सुई टोचली, आणि थोड्या वेळाने एक पोरसवदा नर्स येऊन म्हणाली, "उतारो अम्मा, तुम्हारा नहीं होगा. खून ही नहीं है." सिंधूचं वय अजून पस्तिशीचं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून तिने झगा काढला. तो लगेच पुढच्या बाईला दिला. अजून गरम होता.

"चल, बस," शांताराम म्हणाला.

मोटरसायकलला मागे भाजीचे क्रेट बांधायची लोखंडी चौकट होती. चौकट आणि तो यांच्या मध्ये सिंधूला बसायला जेमतेम जागा राहायची. पिपलानीच्या क्वार्टरांपासून अवधपुरीच्या मागच्या रस्त्याला लागेपर्यंत तो गाडी दामटत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "गोळ्या दिल्या का?"

"दिल्या."

"मग घे त्या. पुढच्या शिबिराला नाटक नको."

अवधपुरी आणि अयोध्या नगर यांच्या मध्ये चारी बाजूंनी तिमजली घरं उठली होती. त्यांच्या मधोमध एक जमिनीचा तुकडा अजून मोकळा होता. जवळच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी तो घेऊन ठेवला होता. घर बांधेपर्यंत राखण होईल म्हणून त्यांनी तो शांतारामला बटाईने, पिकातल्या वाट्यावर, कसायला दिला होता. कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, एक विहीर, एक मोटर. पांढुर्ण्याकडून शांतारामचे वडील ठेकेदारीच्या कामाला इथे, या हिंदी मुलखातल्या शहरात आले, ते इथेच राहिले आणि इथेच गेले. आता खोल्यांत शांताराम, त्याची आई लीलावती, सिंधू, थोरली मेघा, मधली अश्विनी आणि दीड वर्षाचा अद्वैत.

अद्वैतच्या वेळी सिंधूला रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी शांतारामला बाहेर बोलावून सांगितलं होतं, पुन्हा दिवस गेले तर बाईची खात्री देता येणार नाही. त्या दिवसापासून घरात ठरलं होतं, ऑपरेशन करायचं. कोणाचं, हे बोलायची कोणाला गरज वाटली नव्हती. सिंधूलाही नाही.

लीलावती दारातच बसली होती. तिने दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"काऊन आले परत?"

"रक्त कमी आहे म्हणतात," सिंधू म्हणाली.

"रक्त कमी? माहं झालं तेव्हा कोणी बोट नाई टोचलं. तंबूत निजवलं, कापलं, शिवलं. आठवडा नाई झाला तं निंदायले गेली मी."

"माय, आता तसं नसतं," शांताराम म्हणाला. "तिला खाऊ-पिऊ घाल. रक्त भरलं की नेतो."

तो क्रेट उतरवायला गेला. सिंधूने साडी गुडघ्यापर्यंत खोचली, फावडं उचललं आणि फुलगोभीच्या वाफ्यात उतरली. मोटर सुरू झाली. पाटातून पाणी आलं तसं ती फावड्याने एकेक तोंड फोडत, एकेक बंद करत गेली. थंडी असूनही तिला घाम फुटला. चौथ्या-पाचव्या सरीशी डोळ्यांपुढे काळं आलं. ती तिथेच ओल्या मातीत बसली. बसल्याबसल्या हाताशी आलेलं वाळलेलं ढेकूळ तिने फोडलं आणि त्यातला खडा तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत जिभेवर फिरवत राहिली. हे ती पोरींसमोर करत नसे.

दुसऱ्या दिवसापासून सिंधूचं खाणं सुरू झालं.

लीलावतीने बाजारातून बीट आणवले. किसून, उकडून, नुसते कापून, ती ते सिंधूच्या ताटात वाढू लागली. "लाल खाल्लं की लाल होते," ती म्हणायची. शेंगदाणे आणि गुळाचे लाडू वळून तिने डब्यात भरून ठेवले. लग्न होऊन आल्यापासून आपल्यासाठी म्हणून या घरात काही शिजलेलं सिंधूला आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी लाडू हातात घेऊन ती नुसती बसून राहिली.

"खाय ना. पाहत काय बसली? तुह्या बापानं पाठवला नाई, मी केला."

"खाते."

"माह्यासमोर खाय. पोरींना वाटत बसशील."

लोहाची गोळी कडू लागायची आणि पोटात मळमळायचं, म्हणून लीलावती ती चहासोबत द्यायची. दूध थोडंच असायचं, अद्वैतच्या बाटलीला आणि शांतारामच्या चहाला पुरेल एवढं. पण या दिवसांत ती सुनेच्या चहातही दूध ओतायची, वर आलं किसायची. सकाळी एक गोळी चहासोबत, जेवणानंतर पुन्हा चहा, वाफ्यावरून आली की पुन्हा. "गरम आहे, अंगाला लागते," असं म्हणून ती कपबशी सिंधूच्या हातात ठेवायची. त्या बोलण्यात माया होती. कटकट करणाऱ्या बाईच्या हातून ती आली म्हणून सिंधूला जास्त जाणवायची. तिने एकही कप नाकारला नाही.

काम होतंच. गोभीचे गड्डे पिवळे पडू नयेत म्हणून त्यांचीच पानं वर घेऊन बांधायची असतात. वाफ्यात वाकून एकेक गड्डा झाकत जायचं. पाठ भरून यायची. संध्याकाळी काढणी, माती झटकणं, क्रेट भरणं. भरलेला क्रेट शांताराम एकट्याने उचलायचा, सिंधूने एक बाजू धरली की त्याला ते आवडायचं नाही. "सोड. पाडशील." त्याचे दंड खरंच जाड होते. क्रेट उचलताना मानेची शीर तट्ट फुगायची.

रात्रीचं जेवण शांतारामपासून सुरू व्हायचं. मग अद्वैत. मग पोरी. मग लीलावती, आणि पातेल्यात राहील त्यात सिंधू. बीट आणि लाडू आले तरी हा क्रम बदलला नव्हता. बीट फक्त सिंधूसाठी वेगळं काढून ठेवलेलं असायचं.

निजायला आतल्या खोलीत लीलावती आणि पोरी, बाहेरच्या खोलीत शांताराम, सिंधू आणि बाळ. शिबिरातून आल्यापासून सिंधू अद्वैतला घेऊन आत, मेघाच्या बाजूला आडवी व्हायची. थोड्या वेळाने लीलावती खोकायची.

"सिंधे. जाय. तो जागा आहे."

"आई, मला दिवस गेले तर?"

"दोन मिनिटं त्याच्यापाशी बसून येशील तं काय होते? पुरुष माणूस आहे. दिवसभर ओझं वाहते."

सिंधू उठायची. मेघा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ती झोपलेली नसायची.

पिपलानीच्या बाजारात शांतारामच्या शेजारी तुषारची मिरची-कोथिंबिरीची गाडी लागायची. सुटीच्या दिवशी सिंधूही टोपलं घेऊन बसायची. तिथे एकदा आरोग्य उपकेंद्रातली नर्स अलकाताई भाजी घ्यायला आली. तिच्या सासरची माणसं नागपूरची, सरकारी कचेरीसोबत इकडे आलेली. तिने गोभी उलटीसुलटी करून पाहिली आणि मग सिंधूच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. भर बाजारात.

"अगं, हे तर कागदासारखं पांढरं आहे. शिबिरातून परत आलीस ना तू? गोळ्या घेतेस?"

"रोज घेते, दीदी."

"मग वाढायला हवं होतं." तिने शांतारामकडे पाहिलं. "भाऊ, एक सांगू? यांचं होऊ शकत नाही सध्या. तुमचं होऊ शकतं. बिनटाक्याचं असतं, दहा मिनिटं लागतात. दोन दिवस आराम, आठवडाभर ओझं नको. नंतरची तपासणी होईपर्यंत सांभाळायचं, बस."

शांतारामने तराजूतलं वजन बदललं. "ताई, मी क्रेट उचलतो."

"आणि या काय उचलतात?"

तुषार मिरच्या चाळता चाळता हसला. "करा लो भैया, करा लो. फिर हम आपको भी भाभी बोलेंगे."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. शांतारामही हसला, पण त्याचे कान लाल झाले. अलकाताई म्हणाली, "तुषार, तुझा नंबर यानंतर," आणि गोभी पिशवीत टाकून निघून गेली. परत येताना शांतारामने गाडी इतकी आपटत चालवली की सिंधूने दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली.

घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "नर्सला सांग, माझ्या घरात तोंड घालू नको."

लीलावतीने ते मनावर घेतलं. तिच्या थोरल्या दिराला आणीबाणीत नसबंदीसाठी गाडीत घालून नेलं होतं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना पुढे मूल झालं नाही आणि गावात ते लग्नकार्यात पुढे बसले नाहीत. ही गोष्ट शांतारामने लहानपणापासून ऐकली होती. "माह्या पोराले हात नाई लावू देणार," लीलावती म्हणाली. "सिंधेचं रक्त वाढेल. मी वाढवते."

पुढच्या शिबिराच्या आधी अलकाताई स्वतःच घरी आली. दुपार होती. शांताराम बाजेवर बसून जेवत होता, कारण त्या दिवशी मोटर जळाली होती आणि मिस्त्री यायचा होता. अलकाताईने पिशवीतून सुया, पांढरे शोषकागद आणि एक कार्ड काढलं. कार्डावर लाल रंगाचे चौकोन होते, वरून खाली गडद होत गेलेले. कागदावर थेंब घ्यायचा आणि रंग जुळवायचा.

सिंधूने बोट पुढे केलं. थेंब लवकर येईना. अलकाताईने बोट दाबलं. आला तो पसरट, पाणचट. कार्डाच्या वरच्या चौकोनांशी जुळला.

"जिथं होतं तिथंच आहे," अलकाताई म्हणाली.

लीलावती उठून उभी राहिली. "असं कसं? डबाभर लाडू खाल्ले हिनं. बीट खाल्ले. गोळी मी स्वतः देते, माह्या हातानं. चहासंग."

"चहासोबत?"

"गरम चहासंग. दूध घालून."

अलकाताईने सुई खाली ठेवली. "आजी, चहात गोळी वाया जाते. अंगाला लागतच नाही. जेवणानंतर चहा, तेही तसंच. पाण्यासोबत द्यायची, लिंबू पिळून."

लीलावतीच्या हातात रिकामी कपबशी होती. ती तिने पदराने पुसली, मग पुन्हा पुसली. "कोणी सांगितलं नाई," ती म्हणाली. "मी तं तिच्या भल्यासाठी..."

"माहीत आहे, आजी."

"कार्डच खराब असेल," शांताराम जेवता जेवता म्हणाला. "गव्हर्मेंटचं आहे."

"मग माहं पाह्य," लीलावती म्हणाली आणि तिने स्वतःचं बोट पुढे केलं. तिचं बोट राकट होतं, सुई दोनदा टोचावी लागली. थेंब कागदावर पडला आणि सिंधूच्या थेंबाच्या शेजारी तसाच पसरला. फिकट. कोणता कोणाचा हे कागद फिरवला असता तर सांगता आलं नसतं.

"आजीचंही कमीच," अलकाताई म्हणाली.

मेघा दाराशी उभी होती. अलकाताईने तिलाही हाक मारली. तिने हात मागे घेतला. मुठीत काहीतरी होतं. सिंधूने मूठ उघडली. आत मातीचा खडा होता, एका बाजूने चाटून गुळगुळीत झालेला. तो खडा तिने स्वतःच्या कनवटीला खोचला आणि मेघाचं बोट नर्सपुढे धरलं.

तिसरा थेंब दोन्हींपेक्षा थोडासाच बरा होता. "पाळी सुरू झाली ना हिची?" अलकाताईने विचारलं. सिंधूने मान हलवली.

"मी बोललो ना, कार्ड खराब," शांताराम म्हणाला. "साऱ्या घरात रक्त नाही काय? घ्या माझं." त्याने ताट बाजूला सारलं, डावा हात पँटला पुसला आणि पुढे केला.

सुई टेकली तसा थेंब वर उभा राहिला. गोल, जड. कागदावर पडला आणि फार पसरला नाही. कार्डाच्या सगळ्यात खालच्या चौकोनाशी जुळला.

कागदावर चार थेंब होते. तीन ओळीने फिके, एक गडद.

"पाहिलं?" शांताराम हसला. "घोडा आहे मी, घोडा."

लीलावती कागदाकडे पाहत होती. मग तिने शांतारामच्या ताटाकडे पाहिलं. डाळीची वाटी रिकामी होती, तळाशी तुपाचा थर होता.

"मग तुमचंच करा," सिंधू म्हणाली. ती आवाज न चढवता बोलली. "रक्त तुमच्यातच आहे ना."

शांतारामने आईकडे पाहिलं. तिने नेहमीसारखं मध्ये पडावं म्हणून तो थांबला. लीलावतीने चुलीवरचं चहाचं पातेलं उचललं आणि बाहेर जाऊन न्हाणीत ओतून आली.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "जातो. काय मरतो का त्यानं?"

ठरलेल्या दिवशी सिंधूही सोबत गेली. बायांची ओळ तशीच व्हरांड्यात होती, सतरंजीवर. पुरुषांसाठी वेगळा बाक होता आणि त्यावर शांतारामखेरीज एकच माणूस होता, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसलेला. पंखा बंद होता. शांताराम गुडघा हलवत होता. त्याचा हात सिंधूने पाहिला. क्रेट उचलणारा हात मांडीवरची पँट मुठीत आवळून होता. तिला त्याची कीव आली. तिने पाण्याची बाटली पुढे केली, त्याने नको म्हटलं.

"दुखत नाही म्हणे," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत."

आतून टोपीवाल्याला बोलावलं. तो गेला. थोड्याच वेळात चालत बाहेर आला, जरा पाय फाकवून, आणि बाकावर बसून त्याने घरी फोन लावला. "हो गया," तो म्हणाला. "हां, खाना रख देना."

"शांताराम!" आतून हाक आली.

शांताराम उठला. "दोन मिनिटं. चहा घेऊन येतो. तोंड कोरडं पडलं."

तो फाटकाबाहेर गेला. सिंधू बाकावर त्याच्या जागेवर बसली. पुन्हा हाक आली, मग पुन्हा. नर्स बाहेर आली, "किधर गए?" सिंधू म्हणाली, "आते हैं." व्हरांड्यातल्या बाया एकेक करून आत गेल्या आणि स्ट्रेचरवर बाहेर आल्या. उन्हं भिंतीवरून सरकून सतरंजीवर आली. शेवटी डॉक्टर हात पुसत निघून गेले आणि झाडूवाला बाक उचलायला आला. तेव्हा ती उठली.

बाहेर मोटरसायकल नव्हती. ती पिपलानीहून सिटी बसने नाक्यापर्यंत आली आणि पुढे चालत. वाटेत दोनदा कठड्यावर बसावं लागलं. घरी पोचली तेव्हा शांताराम वाफ्यात होता. कडेला क्रेट रचत होता, गरजेपेक्षा जास्त जोरात.

"गर्दी होती," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "आणि थंडी वाढतेय, पाला पडून पीक करपायची भीती आहे. गोभी काढायला झाली. सीझननंतर बघू."

वाळत घातलेले कपडे सिंधूने काढले, घड्या केल्या.

लीलावती चुलीपाशी होती. तिने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, दाराबाहेर क्रेटच्या आवाजाकडे कान दिला, आणि तिला विचारावं लागलं नाही. त्या संध्याकाळी तिने पहिलं ताट मेघाला वाढलं. मेघा गोंधळून बापाकडे पाहू लागली. "जेव," लीलावती म्हणाली. "त्याले भूक लागली तं तो घेईल." सिंधूला तिने पाण्यासोबत गोळी दिली आणि वर लिंबाची फोड. मग स्वतः सिंधूसोबत बसून जेवली. शांताराम बाजेवर वाट पाहत बसला होता. शेवटी तो स्वतः उठला आणि पातेल्यात राहिलं ते वाढून घेतलं.

दिवे मालवायच्या वेळी सिंधू अद्वैतला घेऊन आत आली. मेघाच्या बाजूला जागा नव्हती, अश्विनी आडवी पसरली होती. लीलावतीने स्वतःचं अंथरूण भिंतीकडे ओढलं.

"इकडे ये. सरक."

सिंधू आडवी झाली. तिची पाठ जमिनीला टेकली तसा सगळा दिवस पाठीत उतरला. बाहेर शांताराम खोकला. पुन्हा खोकला.

"सिंधू," त्याने हाक मारली.

लीलावती उठून बसली. एका हाताने गुडघा धरत उभी राहिली, दारापाशी गेली. सिंधूने डोळे मिटले, आता ती "जाय" म्हणेल म्हणून. दोन्ही खोल्यांच्या मधल्या त्या दाराला कडी होती, पण ती कधी कोणी लावलेली नव्हती. गंजून बसली होती. लीलावतीने ती दोन्ही हातांनी ओढली. कडी करकरली आणि लागली.

"माय?" बाहेरून आवाज आला. "काय झालं?"

"काही नाई," लीलावती म्हणाली. "तू करून ये आधी. मग कडी काढीन."

बाहेर बाज वाजली. लीलावती परत येऊन सिंधूच्या बाजूला आडवी झाली आणि तिने गोधडीचा एक काठ सुनेच्या अंगावर ओढला. तिचे पाय गार होते. सिंधूने आपले पाय बाजूला घेतले नाहीत.